आयकर, आजोबा आणि आम्ही

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात आयकरावर लेख यावा, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटेल. आमच्या संपादक मंडळालाही ते वाटले. कविता, सहलीचे वर्णन, फार झाले तर एखादा सामाजिक समस्येवरचा निबंध, एवढीच या पानांची सवय. शिवाय मी पडले कला शाखेची, अर्थशास्त्राची विद्यार्थिनी. जमाखर्चाची बाजू वाणिज्य शाखेची, असेच आपण सगळे धरून चालतो. तरीही २०२५ च्या जुलै ते सप्टेंबर या काळात दर रविवारी सकाळी आम्ही सात विद्यार्थी साताऱ्यात आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून लोकांची आयकर विवरणपत्रे भरून देत होतो. त्याबद्दल एक पैसाही घेत नव्हतो. त्या तीन महिन्यांत जे समजले ते आपल्या वाचकांच्या घरीही उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

गोष्ट सुरू झाली ती शेजारच्या आजोबांपासून. आजोबा एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, त्याला आता तेरा वर्षे झाली. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि गावाकडचा जमिनीचा एक तुकडा विकून आलेली रक्कम असे सगळे मिळून वीस लाख रुपये त्यांनी बँकेत मुदत ठेवीत ठेवले आहेत. पेन्शन महिना तीन हजार. म्हणजे आजी-आजोबांचा संसार खरोखर चालतो तो ठेवीच्या व्याजावर.

एके संध्याकाळी ते पासबुक घेऊन आमच्याकडे आले. म्हणाले, "पोरी, तू अर्थशास्त्र शिकतीस न्हवं? मग मला एवढं सांग. व्याजाच्या रुपयातलं नव्वद पैसेच हातात येत्यात. वरचं धा पैसे कुठं जात्यात?"

मला ते सांगता आले नाही. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात मी सार्वजनिक आयव्ययाचा पेपर दिला होता, प्रत्यक्ष कर आणि अप्रत्यक्ष कर यांतील फरक दहा गुणांसाठी लिहिला होता. पण आजोबांचे दहा पैसे कुठे जातात ते त्या उत्तरात नव्हते. दुसऱ्या दिवशी मी आमच्या सरांना गाठले.

दहा पैसे जातात कुठे?

सरांनी जे सांगितले ते थोडक्यात असे. व्याज देताना बँकेने त्यातून काही भाग कापून सरकारकडे भरावा, असा कायदा आहे. यालाच 'टीडीएस' किंवा उद्गम कर कपात म्हणतात. ज्येष्ठ नागरिकाला एका बँकेकडून वर्षाला ५०,००० रुपयांपेक्षा जास्त व्याज मिळाले, की सगळ्या व्याजावर दहा टक्के कापायचे, असा नियम आर्थिक वर्ष २०२४-२५ पर्यंत होता. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा एक लाख रुपये झाली. बँकेकडे पॅन दिलेला नसेल तर दहाच्या जागी वीस टक्के कापले जातात.

आता गंमत अशी, की कापलेली रक्कम म्हणजे कर नव्हे. ती कराची आगाऊ उचल आहे. खरा कर ठरतो तो माणसाच्या वर्षभराच्या एकूण उत्पन्नावर, आणि ते एकूण उत्पन्न बँकेला ठाऊक नसते. बँक फक्त आपल्या खिडकीतून बघते. खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसाला शहरात चार इमारती आहेत की महिना तीन हजार पेन्शन आहे, हे तिला त्या खिडकीतून दिसत नाही. म्हणून ती दोघांचेही दहा टक्के कापते.

आजोबांचा हिशेब आम्ही वहीच्या पाठीमागच्या पानावर मांडला. २०२४-२५ या वर्षाचे व्याज १,४०,००० रुपये आणि पेन्शन ३६,००० रुपये. एकूण १,७६,००० रुपये. साठ वर्षांवरील माणसाला त्या वर्षी जुन्या व नव्या दोन्ही करपद्धतींत तीन लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त होते. म्हणजे आजोबांचा कर शून्य, आणि कापलेली रक्कम चौदा हजार! त्यांच्या साडेचार महिन्यांच्या पेन्शनपेक्षाही ती जास्त. ही रक्कम सरकारने बुडवली असे नव्हे. ती आजोबांच्या नावावर, त्यांच्या पॅनखाली नोंदलेली होती. फक्त कोणी मागितली नव्हती.

दोन दरवाजे

अशा माणसासाठी कायद्याने दोन दरवाजे ठेवले आहेत. एक कपातीच्या आधीचा, दुसरा नंतरचा.

पहिला दरवाजा म्हणजे 'पंधरा-एच' हा नमुना. "माझ्या अंदाजे उत्पन्नावर या वर्षी कर शून्य होतो, तरी कपात करू नये," असे ज्येष्ठ नागरिकाने बँकेला लिहून द्यायचे. साठ वर्षांखालील व्यक्तीसाठी 'पंधरा-जी' असतो. पण त्याची अट अधिक कडक आहे. कर शून्य असला तरी पुरत नाही. मिळणारे व्याजही करमुक्त मर्यादेच्या आत असावे लागते. आणि लक्षात ठेवायचे ते हे, की हा कागद दर वर्षी नव्याने द्यावा लागतो. आजोबांनी एका वर्षी तो दिला होता. एकदा दिला म्हणजे कायमचा दिला, असे ते समजून चालले. पुढच्या वर्षापासून कपात सुरू झाली आणि कोणी काही बोलले नाही. २०२५ साली संमत झालेला नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे व त्यात कलमांचे आणि नमुन्यांचे क्रम बदलतात. तेव्हा नमुन्याचा क्रमांक पाठ करण्यापेक्षा त्याचे काम ध्यानात ठेवावे आणि एप्रिल महिन्यात बँकेत जाऊन तो मागावा.

दुसरा दरवाजा म्हणजे विवरणपत्र. पैसे एकदा कापले गेले की बँक ते परत देऊ शकत नाही. ते आयकर खात्याकडूनच, विवरणपत्र भरून, परत मागावे लागतात. येथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. "माझं उत्पन्न एवढंसं, मला कशाला रिटर्न भरायला लागतं?" असे लोक म्हणतात, आणि कायद्याने त्यांचे म्हणणे बहुधा खरेही असते. करमुक्त मर्यादेच्या आत उत्पन्न असणाऱ्यावर विवरणपत्राची सक्ती सहसा नसते. परंतु सक्ती नसली तरी हक्क असतो. श्रीमंताचे विवरणपत्र हा सरकारला दिलेला हिशेब असतो. आजोबांचे विवरणपत्र हा सरकारकडे केलेला मागणी अर्ज आहे. कागद तोच, पण त्याचा अर्थ उलटा होतो. ही एक गोष्ट लोकांना पटली की आमचे अर्धे काम होत असे.

रविवारची खोली

आजोबांचे विवरणपत्र भरायचे ठरले, तेव्हा पेठेत असे आणखी किती असतील, हा विचार मनात आला. सरांनी पुढाकार घेतला. आमच्याच महाविद्यालयाच्या एका माजी विद्यार्थ्याने, जे आता सनदी लेखापाल आहेत, आम्हाला चार संध्याकाळी शिकवले. वाचनालयाने खोली दिली. दोन लॅपटॉप, एक प्रिंटर आणि एक पाण्याची घागर एवढ्या सामग्रीवर आमचे केंद्र सुरू झाले. एरवी मुदत ३१ जुलैची. त्या वर्षी ती प्रथम १५ सप्टेंबरपर्यंत आणि शेवटी आणखी एक दिवस वाढली, म्हणून आम्हाला जास्त रविवार मिळाले.

येणाऱ्याने सोबत काय आणायचे याची यादी आम्ही दारावर लावली होती: पॅन, आधार, आधारला जोडलेला मोबाईल, सर्व बँकांची पासबुके, आणि बँकेने दिले असल्यास कपातीचे प्रमाणपत्र, म्हणजे 'सोळा-ए'. प्रमाणपत्र नसले तरी अडत नाही. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर 'सव्वीस-एएस' नावाचा उतारा मिळतो. शेतकऱ्याला जसा सातबारा, तसा करदात्याला हा उतारा. त्याच्या पॅनवर कोणी, केव्हा, किती रक्कम भरली ते त्यात दिसते. आजोबांना तो छापून दिला तेव्हा त्यांनी चष्मा पुसून आकड्यांवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "म्हंजे लिवलंय समदं!"

नियम आम्ही तीनच केले. पहिला, मोबाईल त्यांच्याच हातात राहील आणि ओटीपी तेच टाकतील. आम्ही विचारणारही नाही. दुसरा, एकाने भरलेले विवरणपत्र दुसऱ्याने तपासल्यावाचून पाठवायचे नाही. तिसरा, जे आम्हाला शिकवलेले नाही त्याला हात लावायचा नाही. पेन्शन, पगार आणि व्याज एवढेच असेल तर 'सहज' हा साधा नमुना पुरतो. तेवढाच आम्ही भरायचो. शेअर्स, जमीनविक्री किंवा धंदा निघाला की सरळ लेखापालांकडे पाठवायचो.

तिसऱ्या नियमाची कसोटी लवकरच लागली. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका बाई आल्या. आमच्याहून सहा-सात वर्षांनी मोठ्या, नेट उत्तीर्ण. वर्षाला जेमतेम दीड लाख मिळत होते आणि त्यातूनही दहा टक्के कापलेले. त्यांचे मानधन पगार म्हणून नव्हे, तर व्यावसायिक सेवेची फी म्हणून दाखवले होते, त्यामुळे 'सहज' चालेना. आम्ही त्यांना लेखापालांकडे नेले. त्यांनी योग्य तो नमुना भरून दिला. कर शून्य असताना पंधरा हजार रुपये अडकणे म्हणजे काय, हे या अंकाच्या वाचकांपैकी काही प्राध्यापकांना मी सांगायला नको.

स्त्रियांच्या बाबतीत निराळीच अडचण निघाली. पॅनवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, आणि बँकेत तिसरेच काहीतरी. नावे जुळत नाहीत म्हणून पॅन आधारला जोडलेले नाही. जोडलेले नाही म्हणून पॅन निष्क्रिय. निष्क्रिय म्हणून परतावा थांबलेला आणि कपात मात्र वीस टक्क्यांनी. घरकामाचे व शिवणाचे पैसे साठवून मुलीच्या नावे ठेव ठेवणाऱ्या एका काकूंचे हेच झाले होते. जोडणीचे विलंब शुल्क एक हजार रुपये. ते भरताना त्या म्हणाल्या, "माझंच नाव माझ्याच नावाला जोडायला हजार रुपये!" त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. ऐंशी वर्षे पूर्ण झालेल्यांना मात्र या जोडणीतून सूट आहे, आणि त्यांना विवरणपत्रही कागदावर देता येते, हे कळल्यावर पेठेतल्या एका पणजीबाईंचे काम सोपे झाले.

फुकटचे आणि महागाचे

"तुम्ही किती टक्के घेता?" हा प्रश्न पहिल्या दोन रविवारी आम्हाला वारंवार ऐकावा लागला. कारण परतावा मिळवून देतो आणि त्यातला वाटा घेतो, असे सांगणारे लोक सगळीकडे फिरत असतात. त्यातले काही परतावा फुगवण्यासाठी न दिलेले घरभाडे, न केलेल्या देणग्या आणि न काढलेला विमा बेधडक लिहून टाकतात. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने अशा खोट्या वजावटींविरुद्ध देशभर दीडशे ठिकाणी एकाच वेळी तपासणी केली. विवरणपत्र कोणीही भरले तरी जबाबदारी ज्याच्या नावाचे आहे त्याची असते. दलाल आपला वाटा घेऊन निघून जातो. नोटीस येते ती पेन्शनरच्या पत्त्यावर. म्हणून आम्ही प्रत्येकाला भरलेले विवरणपत्र मराठीतून मोठ्याने वाचून दाखवायचो आणि मगच पाठवायचो. यात वेळ जाई, पण माणूस खोलीतून बाहेर पडताना आपण कशाला संमती दिली ते जाणून जाई.

असा उद्योग करणारे आम्हीच पहिले, अशी आमची समजूत होती. सरांनी ती दूर केली. अमेरिकेत १९६९ पासून 'व्हिटा' या नावाने हेच काम चालू आहे. तेथील आयकर खाते स्वयंसेवकांना शिकवते, त्यांची परीक्षा घेते, आणि ते ग्रंथालयांत, शाळांत, समाजमंदिरांत बसून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची विवरणपत्रे विनामूल्य भरून देतात. त्यांत महाविद्यालयीन विद्यार्थीही मोठ्या संख्येने असतात. ज्येष्ठांना मदत करण्याचे काम निवृत्तांच्या एका संघटनेने १९६८ मध्येच सुरू केले होते. पुढे १९७८ च्या कायद्याने साठ वर्षांवरील लोकांसाठी स्वतंत्र कार्यक्रमही झाला. कॅनडात असा उपक्रम १९७१ पासून आहे. तिकडेही विवरणपत्र हा गरिबाच्या हक्काचा कागद आहे. १९७५ पासून अमेरिकेत कमी मिळकतीच्या कष्टकऱ्यांना एक सवलत मिळते. कर शून्य असला तरी तिची रक्कम हातात येते, पण विवरणपत्र भरले तरच! आम्हाला विशेष आनंद झाला तो एका तपशिलाचा. एकाने भरलेले दुसऱ्याने तपासायचे आणि नेमून दिलेल्या विषयांपलीकडे जायचे नाही, हे दोन्ही नियम त्यांच्याकडेही आहेत. आपल्याकडे २००६ साली केंद्र सरकारने पदवीधरांना प्रशिक्षण देऊन विवरणपत्र साहाय्यक तयार करण्याची योजना आणली होती. तेव्हा कल्पना परकी नाही. पेठेपेठेत पोचलेली मात्र नाही.

वेबिलाची सवय

एक प्रश्न मला शेवटपर्यंत सतावत होता. आजोबा हिशेबाला पक्के. दूधवाल्याचे दोन रुपये चुकले तरी त्यांच्या लक्षात येते. मग चौदा हजार रुपये कापले जात असताना ते गप्प कसे बसले? एका रविवारी मी त्यांना सरळ विचारले.

ते म्हणाले, "आगं, आमच्या नोकरीत वेबिल आन रोकड जुळायला लागायची. कमी भरली तर पगारातनं कापायचे. कापलं म्हंजे आपलीच चूक, ही सवय. बँकेनं कापलं तवा वाटलं, माझंच कायतरी चुकलं आसंल. चूक इचारायला कोण जाईल?"

त्या दिवशी मला आमच्या कामाचे मर्म समजले. लोकांना नियम ठाऊक नसतात, हे खरे आहे. पण खिडकीपुढे उभे राहून विचारण्याची लाज नि भीती ही त्याहून मोठी अडचण आहे. माहिती तर संकेतस्थळावर सगळी आहे. ती ज्याला हवी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसणारा माणूस नाही. ते काम करायला वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही. चार संध्याकाळचे शिक्षण, काटेकोरपणा आणि समोरच्याला आजोबा म्हणण्याची तयारी, एवढे पुरते.

सगळेच गोड झाले असे नाही. आजोबांची कपात मागील आणखी दोन वर्षे होत होती. विवरणपत्राची मुदत उलटून गेल्यावर परतावा सहजी मागता येत नाही. उशिरा सुधारित माहिती देण्याची जी नवी सोय आहे, तिच्यातही परतावा मिळत नाही. उरतो तो विलंब माफ करण्याचा अर्ज. संबंधित वर्षाचे करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत तो करता येतो, आणि तो मान्य करणे न करणे अधिकाऱ्यांच्या हाती असते. लेखापालांनी फी न घेता तो लिहून दिला आहे. हा लेख लिहीपर्यंत त्याचा निकाल लागलेला नाही. वेळेवर एक कागद न दिल्याची एवढी मोठी किंमत पडू शकते.

चालू परतावा मात्र ऑगस्टमध्ये जमा झाला. आजोबा पासबुक भरून आणून थेट वाचनालयात आले, पण चेहऱ्यावर आनंदापेक्षा काळजीच जास्त. म्हणाले, "पोरी, चौदा हजार तीनशे पन्नास आल्यात. साडेतीनशे जास्तीचं हायत. परत भरायला लागतील का? आमच्यात रोकड जास्ती भरली तरी चौकशी व्हायची."

मी त्यांना समजावले, की सरकारने त्यांचे पैसे एप्रिलपासून स्वतःकडे ठेवले, म्हणून दरमहा अर्धा टक्का याप्रमाणे पाच महिन्यांचे व्याज दिले आहे. ते कायद्यानेच आहे. पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात तेवढे लिहायचे, म्हणजे झाले. आजोबा बराच वेळ पासबुकाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हंजे चूक माझी न्हवती."

त्यानंतर मुदत संपेपर्यंत प्रत्येक रविवारी आजोबा आमच्या दाराशी खुर्ची टाकून बसत. येणाऱ्याला नंबर देत, कागद आधीच तपासत, आणि कोणी दारातच घुटमळला तर म्हणत, "आत जावा, आत जागा हाय." आमच्यातले निम्मे लोक त्यांच्यामुळेच आत आले असतील.

मित्रहो, एक विनंती करून थांबते. येत्या एप्रिलमध्ये आपल्या आजी-आजोबांचे पासबुक एकदा उघडून पाहा. व्याजाच्या नोंदीखाली कपातीची नोंद दिसली, तर त्यांना घेऊन बँकेत जा आणि तो नमुना मागा. आधीच कापले गेले असेल, तर जुलैची वाट न पाहता कागद जमवायला लागा. आणि आमच्या खोलीत अजून एका टेबलाला जागा आहे.